घरकुलाची भिंत : ब्लॉक किती, खर्च किती?

मुलचेरा : प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घरकुलाचे मूळ अनुदान मैदानी भागात १ लाख २० हजार, तर गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात १ लाख ३० हजार रुपये आहे. एवढ्यात घर उभे करायचे, तर माल मोजूनच मागवावा लागतो.

ब्लॉक कसे मोजाल?
भिंत २० फूट लांब, १० फूट उंच : २०० चौरस फूट. त्यातून ३ बाय ७ चा दरवाजा (२१) आणि ४ बाय ४ ची खिडकी (१६) वजा करा. उरले १६३.
१६ बाय ८ इंची ब्लॉक सांध्यासह धरला, तर १०० चौरस फुटांना साधारण ११३ लागतात. म्हणजे १८४. तूटफुटीचे ५ टक्के धरून १९३.

सिमेंट, रेती किती?
ब्लॉक ६ इंच जाडीचा, मसाला १:६ असेल, तर सुमारे दीड पोते सिमेंट आणि ११ घनफूट रेती. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे लक्षात ठेवा. पाया, लिंटेल, प्लास्टरचा हिशेब वेगळा.

खर्च कसा काढाल?
दर घरपोच विचारा. समजा, ब्लॉक ४० रुपयांना पडला, तर ७,७२० रुपये. गाडीभाड्यामुळे तोच ४५ रुपयांना पडला, तर एकाच भिंतीमागे ९६५ रुपये वाढतात. मिस्त्रीची मजुरी वेगळी धरा.

हे टाळा
सिमेंटचे ब्लॉक विटांसारखे भिजत घालू नका. ओला ब्लॉक वाळताना आकसतो आणि भिंतीला तडे जातात. पावसाळ्यात थप्पी झाकून ठेवा.