डॉलरभर पगाराचा प्रशिक्षक: रॉड डेडो

'मिलियन डॉलर आर्म' हा चित्रपट पाहिलेल्यांना रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भारतीय तरुण आठवत असतील. २००८ मध्ये या दोघांना बेसबॉल शिकवणारे टॉम हाउस हे अमेरिकी कॉलेज बेसबॉलचे प्रशिक्षक रॉड डेडो यांचे शिष्य.

डेडो स्वतः व्यावसायिक खेळाडू म्हणून फार टिकले नाहीत. १९३५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून ते जेमतेम दोन सामने खेळले, मग पाठीच्या दुखापतीने कारकीर्द संपली. त्यांनी ट्रक वाहतुकीचा धंदा सुरू केला आणि तो भरभराटीला आणला.

१९४२ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बेसबॉल प्रशिक्षक सॅम बॅरी नौदलात गेले आणि संघ डेडोंच्या हाती आला. तो त्यांनी १९८६ पर्यंत सांभाळला, बहुतेक काळ वर्षाला अवघा एक डॉलर मानधन घेऊन!

या काळात १,३३२ विजय आणि ११ राष्ट्रीय अजिंक्यपदं. त्यातली पाच सलग, १९७० ते १९७४.

टॉम सीव्हर, रँडी जॉन्सन, मार्क मॅग्वायर हे पुढचे दिग्गज त्यांच्याच हाताखाली घडले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल प्रदर्शनीय खेळ होता, तेव्हा अमेरिकेच्या संघाचे प्रशिक्षकही डेडोच होते.