माल्टाची बाग आणि पलीकडचा किनारा

'असीर-ए-माल्टा' हे शब्द उर्दू वाचणाऱ्या घरांत लहानपणापासून कानावर पडतात. पण ते माल्टा दिसते कसे, असे विचारले तर वर्गातली मुलेच काय, मोठी माणसेही गप्प बसतात. ते पाहायचे असेल तर राजधानी वालेट्टातल्या 'अपर बराक्का' बागेत जावे.

बाग तशी लहानच. चार झाडे, फुलांचे वाफे, कारंजे, धावणाऱ्या तीन मुलांचे शिल्प. पण ती तटबंदीच्या सर्वांत उंच जागी आहे आणि कमानींखाली उभे राहिले की ग्रँड हार्बर हे सारे बंदर पायाशी येते. या कमानी १६६१ मधल्या. सेंट जॉनच्या इटालियन सरदारांना फिरायला ही जागा होती, तेव्हा वर छप्परही होते. १७७५ च्या बंडानंतर ते काढले. सर्वसामान्यांसाठी बाग पुढे खुली झाली. रोज दुपारी बाराला खालच्या बुरुजावरून तोफ सुटते. पूर्वी जहाजांवरची घड्याळे या तोफेवर लावत. लेकरे बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवा, आवाज मोठा असतो. बंदरावरून वर यायला ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, म्हणजे वडीलधाऱ्यांचीही सोय होते.

उस्मानी फौजांनी १५६५ मध्ये या बेटाला वेढा घातला होता. तुर्गुत रईस त्यातच कामी आले, वेढा उठला आणि पुढच्या वर्षी वालेट्टाचा पाया घातला गेला. ही गोष्ट तिथे विजयाची म्हणून सांगितली जाते, ते साहजिकच. मात्र सरदारांची जहाजे वल्हवणाऱ्यांत मुस्लिम गुलाम किती होते, तेही त्याच दमात सांगायला हवे.

भाषेच्या शिक्षकाला तिथे बाकावर नुसते बसून राहण्यातही मजा आहे. माल्टी लोक कॅथलिक, लिपी रोमन, पण बोली अरबीतून आलेली. पुस्तकाला 'क्तीब', जगाला 'दिन्या', समुद्राला 'बहार', शुक्रवारला 'जिमा'. देवाला ते 'अल्ला'च म्हणतात आणि ईस्टरआधीच्या उपवासांच्या काळाला 'रन्दान'! आपला रमजान तिथे असा भेटतो. ८७० मध्ये अरब आले, पुढे राज्य गेले, धर्म गेला, शब्द मात्र राहिले.

आता समोर पाहा. पाण्यापलीकडे तीन जुनी गावे दिसतात. त्यातल्या बोर्मलाच्या तटबंदीत वेर्दालाची बराक. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी युद्धकैदी इथे ठेवले. त्यांत होते देवबंदचे मौलाना महमूद हसन, वय पासष्टीच्या पुढे. रेशमी रुमाल चळवळीच्या संशयावरून हिजाजमध्ये शरीफ हुसेनच्या माणसांनी त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केले. फेब्रुवारी १९१७ मध्ये ते माल्टाला पोहोचले. सोबत शागीर्द मौलाना हुसेन अहमद मदनी, मौलाना उझैर गुल आणि हकीम नुसरत हुसेन. हकीमसाहेबांचा इंतकाल कैदेतच झाला, परतणे त्यांच्या नशिबी नव्हते. आपल्या अनेक घरांत मौलानांचा कुरआनचा उर्दू तर्जुमा कपाटात असतो. तो त्यांनी याच कैदेत पूर्ण केला. थंडी, परक्यांचा पहारा, आणि रोजची काही पाने.

जून १९२० मध्ये त्यांचे जहाज मुंबईला लागले. 'शैखुल हिंद' हा किताब त्यांना मिळाला तो खिलाफत चळवळीच्या त्या दिवसांत. तब्येत पार ढासळली होती, तरी ऑक्टोबरमध्ये ते अलीगढला जामिया मिल्लियाच्या स्थापनेला गेले. ३० नोव्हेंबरला दिल्लीत ते अल्लाहला प्यारे झाले.

बागेत आपल्याकडचे बरेच लोक भेटतात. फोटो काढतात, तोफ ऐकतात, निघतात. तासभर हाताशी असेल तर खाली उतरून होडीने पलीकडे जावे. त्या गल्ल्यांतून चढ चढताना पाय भरून येतात, पण वरून वालेट्टाकडे वळून पाहिले की कैद्यांना रोज दिसणारा किनारा कोणता, ते कळते.