सर्दी नाकात, ठणका कानशिलात, कारण काय?

राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील पासलीसारख्या डोंगरी गावांत पावसाळ्यात ओल हटत नाही. भातलावणीत भिजून सर्दी झाली, त्यात कानशील ठणकू लागलं, की घरचं निदान ठरलेलं: सायनस.

पण कानशिलाखाली सायनसची पोकळी नसतेच. नाकामागे खोलवर असलेल्या स्फेनॉइड सायनसला सूज आली, की वेदना कानशिलात किंवा टाळूवर जाणवू शकते. या सगळ्या भागाची संवेदना मुख्यतः ट्रायजेमिनल नस वाहून नेते. मेंदूची जागेबाबत फसगत होते. दात आवळून झोपल्यानेही कानशिलाचा स्नायू दुखतो.

खरा संशयित मात्र अनेकदा मायग्रेन. त्यातही नाक चोंदतं, वाहतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ सांगणाऱ्या २,९९१ जणांपैकी ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनसारखी निघाली. मायग्रेनवर अँटिबायोटिक चालत नाही. साध्या विषाणूजन्य सर्दीवरही नाही. उजेड सोसवत नसेल, मळमळत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

पन्नाशीनंतर नव्यानेच कानशील दुखू लागलं, घास चावताना जबडा भरून आला किंवा नजर अंधूक झाली, तर थांबू नका. कानशिलाच्या धमनीची सूज दृष्टी कायमची हिरावू शकते. तीव्र तापासोबत मान ताठली, डोळ्याभोवती सूज आली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वाफ नंतर घेता येईल.