नळाच्या बिअरला किती गुण?

कडेगावसारख्या गावात परमिट रूममधल्या बिअरची परीक्षा बहुधा थंडपणावर संपते. बाटलीवरची तारीख बघणारा विरळाच. नळाच्या बिअरचं तसं नाही. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि ताजी बिअर गिऱ्हाइकापुढे आली.

तिची प्रत बनवणाऱ्याइतकीच ओतणाऱ्याच्याही हातात असते. नळी वेळच्या वेळी धुतली नाही, की लोण्याचा नाहीतर व्हिनेगरचा वास मारतो. ग्लासाला आतून बुडबुडे चिकटून बसले, तर तो नीट विसळलेला नाही असं खुशाल समजावं.

ब्रिटनमध्ये १९७१ साली स्थापन झालेल्या ‘कॅम्रा’ या ग्राहक संघटनेनं शहाणपण केलं: गुण ब्रँडला नाहीत, त्या पबात त्या दिवशी मिळालेल्या बिअरला. ० म्हणजे पिण्यालायक नाही, ३ म्हणजे चांगली, ५ म्हणजे अव्वल.