जबड्याचा सांधा दुखतो तेव्हा

कुठे? कानाच्या पुढ्यात, खालचा जबडा आणि कानशिलाचे हाड यांच्यामध्ये. दोन्ही बाजूंना एकेक सांधा, आत मऊ चकती.

जुनाट कधी? दुखणे 3 महिन्यांहून अधिक टिकले तर. नुसता, न दुखणारा ‘कट्’ आवाज म्हणजे आजार नव्हे.

कारणे: झोपेत दात खाणे, ताण, संधिवात, मार. तमिळनाडूतील शोळिंगनल्लूरसारख्या आयटी पट्ट्यात पडद्यासमोर बसल्या बसल्या दात नकळत आवळले जातात.

घरी: ओठ मिटलेले, दात सुटे. 15-20 मिनिटे कोमट ओला शेक. इडली, मऊ भात चालतो; मुरुक्कू, ऊस, च्युइंगम नको. जांभई येताच हनुवटीखाली मूठ.

डॉक्टरकडे: सूज, ताप, जबडा अडकणे. जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत दाब, घाम, धाप असल्यास हृदयविकाराची शक्यता. तमिळनाडूतही रुग्णवाहिकेचा क्रमांक 108.