परदेशातील स्नेहसंबंध : आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण

परदेशी राहणाऱ्या मनुष्याला दोन प्रकारच्या सोबतीची गरज असते. एक, त्या देशातील माणसांची. कारण त्यांच्यावाचून नव्या जगाचे दार उघडत नाही. दुसरी, आपल्यासारख्याच परक्यांची. कारण दाराच्या आत गेल्यावर जाणवणारे एकटेपण त्यांना न सांगता कळते. ही दुसरी सोबत केवळ समान जन्मभूमीवर आधारलेली असते, असा सर्वसाधारण समज आहे. आनंदीबाई जोशी यांच्या अमेरिकेतील वास्तव्याकडे (१८८३–१८८६) पाहता हा समज अपुरा ठरतो.

आनंदीबाईंचा पहिला परदेशी स्नेह पत्रांतून जुळला. पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळावे म्हणून गोपाळराव जोशी यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याशी केलेला पत्रव्यवहार तेथील एका नियतकालिकात छापला गेला. धर्मांतराची अट मान्य नसल्याने ते साहाय्य लाभले नाही; परंतु तो मजकूर न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि त्यांनी आपण होऊन पत्र पाठविले. जून १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेस पोहोचल्या, तेव्हा ज्या बाईंच्या घरी त्या उतरल्या, त्यांना त्या पत्रांतून आधीच मावशी म्हणू लागल्या होत्या. अनोळखी व्यक्तीला नात्याचे नाव देऊन आपलीशी करण्याची ही रीत भारतात रूढ आहे.

पुढे फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना समदुःखी मंडळी भेटली. १० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेल्या एका छायाचित्रात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली या तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात एकत्र दिसतात. या तिघींत भाषा, धर्म वा देश यांपैकी काहीच समान नव्हते. समान होती ती परिस्थिती. घरापासून हजारो मैल दूर, परक्या भाषेत, स्वदेशी स्त्रियांना दुर्मिळ असलेली विद्या संपादन करणे हेच तिघींचे नाते होते.

स्वदेशी मैत्रिणीची भेट व्हावयास मात्र १८८६ साल उजाडावे लागले. गोपाळराव तोवर अमेरिकेत येऊन पोहोचले होते. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडहून आल्या. दोघीही मराठी, दोघीही विद्येसाठी घर सोडलेल्या. पण एका महत्त्वाच्या बाबतीत त्यांच्या वाटा वेगळ्या होत्या. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आनंदीबाईंनी त्याच वर्षी श्रीरामपूर येथील भाषणात आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परतू, असे जाहीर केले होते. रमाबाईंच्या धर्मांतराने महाराष्ट्रात मोठा क्षोभ उसळला होता. मायदेशी ज्या भेदामुळे दोन घरांतील येणेजाणे थांबले असते, तो भेद फिलाडेल्फियात आड आला नाही.

या स्नेहाचा काळ अल्प ठरला. क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे निधन पावल्या. त्यांच्या अस्थींना कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे विसावा मिळाला. त्याच वर्षी रमाबाईंचा हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी लिहिली व तीत आपल्या दिवंगत विद्यार्थिनीचे स्मरण केले. रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले तो दिवस ११ मार्च १८८९, म्हणजे त्या पदवीदान समारंभानंतर बरोबर तीन वर्षांचा, होता.

यावरून असे दिसते की, परदेशात मनुष्य आपल्या गावचा माणूस शोधू लागतो खरा. परंतु आपली स्थिती ओळखणारा मनुष्य भेटला की तोच त्याचा गाववाला होतो. आणि खरोखरीचा गाववाला भेटलाच, तर गावातील भिंती मध्ये न आणता त्याला भेटण्याची संधी परका देशच देतो.