मिनिटाला ५२ कोटी कण

वीस टनी पोकलेनचा पंप पूर्ण जोरात असला की मिनिटाला साधारण ४०० लिटर तेल ढकलतो. तासाला २४ हजार लिटर. म्हणजे दहा हजारी पाण्याचे दोन टँकर, वर चार हजार लिटर. एवढं तेल यंत्रात अर्थातच नसतं; दोन-अडीचशे लिटरच फिरून फिरून येतं, तेही ३५० बारच्या दाबाने. नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर साडेतीनशे किलोंचा भार!

आता त्यातली धूळ मोजू. तेलाची स्वच्छता आयएसओ ४४०६ या मानकाच्या तीन आकड्यांत सांगतात: दर मिलिलिटरमध्ये ४, ६ आणि १४ मायक्रॉनांहून मोठे कण किती. १८/१६/१३ हे चांगलं तेल. त्यातला १८ म्हणजे १,३०० ते २,५०० कण. कमीत कमी आकडा धरला तरी पंपातून मिनिटाला ५२ कोटी कण जातात. आठ तासांच्या पाळीत जवळपास २५ हजार कोटी. आणि हे स्वच्छ तेल! शिवाय आकडा एकाने वाढला की कण दुप्पट होतात. त्यामुळे १८ चा २२ झाला की कागदावर फरक चारचा, तेलात सोळापट. नव्या सीलबंद पिंपातलं तेलही बरेचदा या कसोटीला उतरत नाही. जाणते मेकॅनिक ते गाळूनच भरतात.

एवढ्याशा कणांनी बिघडतं काय? ४० मायक्रॉनांखालचं डोळ्याला दिसत नाही, आणि सर्व्हो व्हॉल्व्हमधली फट एक ते चार मायक्रॉनांची. धुळीतली गारगोटी मोह्स मापावर ७ इतकी कठीण. ती फटीत शिरून धातू खरवडते, मग तो खरवडलेला धातूच पुढे आणखी खरवडत जातो.

चंद्रपूरच्या उघड्या कोळसा खाणीत मे महिन्यात पारा ४७ वर जातो. सिलिंडरचा दांडा बाहेर सरकला की टाकीतली पातळी उतरते, टाकी बाहेरची हवा ओढते आणि हवेसोबत धूळ. तिकडे द्रासला हिवाळ्यात उणे २० च्याही खाली. तेल मात्र शून्य अंशालाच, ४० अंशांच्या मानाने, दहापटींहून अधिक घट्ट झालेलं असतं. ते गाळणीतून जाईना की गाळणी फुटू नये म्हणून बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं. म्हणजे गाळणी बसवलेली, पण नसल्यासारखी.

गाळणीची परीक्षा होते ती अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या प्रमाणित धुळीवर. बीटा २०० म्हणजे दोनशेंतला एक कण सुटला, ९९.५ टक्के अडले. बीटा १००० म्हणजे ९९.९ टक्के. तक्त्यात फरक किरकोळ दिसतो. पण दहा लाखांतले ५,००० सुटणार की १,०००, हा प्रश्न पंपाच्या आयुष्याचा आहे.

खरी गोम पुढेच. ही परीक्षा एकसारख्या प्रवाहात होते आणि पोकलेन तर प्रत्येक बकेटला हिसका देतो. त्या हिसक्यांनी ओला फडका पिळावा तशी अडकलेली धूळ पुन्हा तेलात येते. म्हणून गाळणीतले काचतंतू रेझिनने घट्ट बांधायचे, तिच्या घड्यांना जाळीचा आधार द्यायचा. बदलत्या प्रवाहातली चाचणी आयएसओने २०२१ मध्ये आणली, क्रमांक २३३६९. गाळणी विकत घेताना मी आधी तोच अहवाल मागेन, बीटा नंतर.